जीनमध्ये कापूस भरू नये

खोगीर उतरवलं आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. चांगली खणखणीत. हुसेनमियाँनी मान खाली घातली, घोडीनं कान मागं पाडले. शिवी नेमकी कोणाला दिली हे मलाही धड सांगता आलं नसतं.

घोडीचं नाव मैना. हे घरचं नाव. कागदोपत्री तिला लांबलचक इंग्रजी नाव होतं, रेसच्या घोड्यांना असतं तसं. वय पाच, रंग पिकल्या चिंचेसारखा तांबूस. हुसेनमियाँ तिचे सईस, म्हणजे चारा घालणारे, खरारा करणारे आणि सकाळी पाठीवर बसून फिरवणारे, सगळं तेच. माणूस पन्नाशीचा, हैदराबादचा, अंगानं काटकुळा. त्या सकाळी त्यांनी तिला हलक्या दौडीनं दोन मैल फिरवून आणलं होतं आणि खोगीर उतरवताना मी सहज म्हणून तिथं उभी होते.

पाठ घामानं निथळत होती. पण मान संपून पाठ सुरू होते तिथं जो हाडाचा उंचवटा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या दोन जागा कोरड्याठाक होत्या. नवख्याला वाटतं, कोरडं आहे म्हणजे बरं आहे. उलट आहे ते. तिथं खोगीर एवढं रुतलेलं असतं की घामसुद्धा बाहेर येत नाही. आज कोरडं, उद्या सूज, परवा जखम. जखम भरली तरी तिथं पांढरे केस येतात आणि ते जन्मभर राहतात. मैनेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी सूज आलेलीच होती. मी बोट लावलं तर तिनं पाठ एकदम खाली घेतली.

"कधीपासून आहे हे?"

"चार दिन से, डॉक्टरनी साब. सूजन दिखी तो मैंने एक तह और डाल दिया नीचे."

"एक?"

"दो," हुसेनमियाँ म्हणाले. मग जरा थांबून, "तीन."

मी तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. ते दिवस आंध्र प्रदेशाचे. आम्ही घरात मराठी बोलायचो, बाजारात हिंदी, कचेरीत तेलुगू, आणि शिवी द्यायची वेळ आली की जी हाताशी येईल ती. कामाचं म्हणाल तर बैलांची लाळ-खुरकुत, म्हशींचं अडलेलं बाळंतपण, शेळ्यांचे जंत. घोडा माझ्या ड्युटीत कुठंच बसत नव्हता. पण हायवेच्या कडेला एका सेठजींची जिनिंग होती, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आणि त्या सेठजींना रेसच्या घोड्यांचा नाद होता. हैदराबादला पळणारं घोडं दुखावलं की ते त्याला जिनिंगच्या मागच्या शेतात महिनोन् महिने विश्रांतीला ठेवत. मैना तशी आली होती. पुढच्या पायाची शीर ताणली होती, ती मी बरी केली होती. आता तिला हळूहळू व्यायाम देऊन पळण्याजोगी करायचं काम चाललं होतं.

मला कोणी रोज बोलावत नव्हतं. मी आपली जात होते. सकाळी दवाखाना उघडण्याआधी मोपेड काढायची आणि शेतात जाऊन उभं राहायचं. आई म्हणायची, "त्या घोडीपायी येडी झाली ही पोरगी." खोटं नव्हतं ते.

कारण असं की हैदराबादला शिकत असताना मी दोन महिने रेसच्या पागेत काम शिकले होते. उजाडता उजाडता घोडी रांगेनं बाहेर निघायची. ओलं गवत, चामड्याला लावलेलं तेल आणि घोड्याचा गरम घाम, या तिन्हींचा मिळून एक वास असतो. मला त्या वासाची अजून भूक लागते. हो, भूकच. तिथंच नोकरीला थांब म्हणून मला विचारलंही होतं. वडील महसूल खात्यात पेशकार. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "घोड्याचा धंदा जुगाराचा, सरकारी नोकरी ती नोकरी." आणि मी निमूट गुडीहत्नूरला येऊन बैलांच्या तोंडात हात घालू लागले. वडिलांचा राग नाही. पण सल होती, ती होतीच.

तर खोगीर. मी खालच्या घड्या एकेक काढत गेले. सुती चादर दुहेरी. तिच्यावर टॉवेल. त्याच्यावर जुन्या गादीतला स्पंज कापून. त्याच्यावर आणखी एक टॉवेल. माणसाला वाटतं, दुखतंय ना, मग मऊ घाला, आणखी मऊ घाला. अती तिथं माती. खोगीर म्हणजे बूट समजा. बूट लागतो म्हणून आत तीन मोजे घातले तर काय होईल? आणखी आवळेल. खोगिराच्या पुढच्या बाजूला कमान असते, ती पाठीच्या हाडावर टेकायला नको. स्वार बसल्यावर कमान आणि हाड यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मोकळी गेली पाहिजेत. मैनेच्या पाठीवर घड्यांसकट खोगीर नुसतं ठेवून पाहिलं होतं तेव्हा माझी करंगळीही जात नव्हती.

पण एवढ्यानं माझं समाधान होईना. घड्या तर चार दिवसांपूर्वी वाढल्या, सूज त्याच्याआधी आली. मी खोगीर उलटं केलं आणि तळाच्या गाद्या चाचपल्या. खोगिराला खालून दोन लांबट गाद्या असतात, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकणाऱ्या. त्या हाताला लागल्या अशा, की पोत्यात बटाटे भरलेत. चाकूनं एक टाका उसवला. आतून कापूस निघाला. घामानं भिजून, वाळून, पुन्हा भिजून त्याचे दगड झाले होते.

"यह किसने भरा?"

हुसेनमियाँ म्हणाले, सेठजींच्या हुकमानं. जिनिंगमध्ये मशीनचे चामडी पट्टे शिवणारा एक कारागीर होता, त्यानं महिन्यापूर्वी जुनी लोकर फेकून ताजा कापूस भरून दिला होता. सेठजी म्हणाले होते, आपल्या घरात सोन्यासारखा कापूस असताना मेंढराचे केस कशाला?

आमच्या आदिलाबादच्या माणसाला कापसापुढं दुसरं दिसतच नाही. उशीत कापूस, गादीत कापूस, दिव्यात कापूस, कानात कापूस. मग खोगिरात काय येणार? कापूस घाम पितो आणि बसतो. एकदा बसला की पिंजल्याशिवाय उठत नाही. लोकर घाम पिते तरी तिची उसळी जात नाही. एवढाच फरक आहे, पण घोड्याच्या पाठीला तो फार मोठा आहे. आपण मराठीत फालतू भरताडाला खोगीरभरती म्हणतो. ज्यानं हा शब्द काढला त्याला एकदा मैनेच्या जागी उभं करायला पाहिजे होतं.

मला दवाखान्यात परतायची घाई होती. लाळ-खुरकुतीची साथ सुरू होती, दारात बैल उभे असणार. मी पर्समधून सरकारी पॅड काढलं, त्या पट्टेवाल्या कारागिरासाठी चिठ्ठी लिहिली, सवयीनं खाली शिक्का मारला आणि हुसेनमियाँच्या हातात दिली. "जिनिंगमध्ये पट्टेवाल्याला द्या," म्हटलं. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. चिठ्ठी अशी होती:

'जीनमध्ये कापूस भरू नये. आतला सगळा कापूस तात्काळ बाहेर काढावा. पुढील सूचना मिळेपर्यंत वापर बंद ठेवावा.'

आता इथं वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठीत आपण खोगीर म्हणतो, पण घोड्यातली माणसं म्हणतात जीन. हुसेनमियाँ दिवसभर जीन, जीन करायचे, तोच शब्द माझ्या तोंडी बसला होता. आणि आमच्या भागात जिनिंगलाही जीनच म्हणतात. 'जीनवर कापूस नेला', 'जीन सुरू झाली'. मी त्याच मातीत वाढलेली बाई, आणि लिहिताना हे माझ्या डोक्यात आलं नाही. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेला लागले तर कापसाच्या बैलगाड्यांची रांग. जिनिंगच्या फाटकापासून पार नाल्यापर्यंत. फाटक बंद. शेतकरी फाटकावर थापा मारत होते. आत पाहिलं तर पंचवीस-तीस मजूर गोदामातला कापूस पाट्यांनी बाहेर आणून अंगणात ओतत होते. पांढरा डोंगर झाला होता. आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी मुनीम प्रल्हादराव टोपी घालून, हातात माझी चिठ्ठी घेऊन उभे.

"प्रल्हादराव! काय करून राह्यले तुमी हे?"

"तुमच्या हुकमाची तामील सुरू हाय, मॅडम," ते म्हणाले. चेहऱ्यावर कर्तव्य नुसतं ओसंडत होतं. "राती चिठ्ठी भेटली. तो पट्टेवाला गावाला गेला, तं म्या घेतली. सकाळपासून एक बोंड आत येऊ दिलं नाई. गोदाम दुपारपावतर खाली होते पाहा."

"अहो, पण कशासाठी?"

"आता हे तुमी मले इचारता? बैलाइचा रोग हाय ना? मांगच्या बाजाराले तुमीच शिक्का मारून कागद लावला, बैल आणू नोका म्हणून. मले वाटलं, आता कापसातून पसरून राह्यला."

त्यांचं काय चुकलं सांगा. दोन आठवड्यांपूर्वी मी खरंच आठवडी बाजारात तसा कागद लावला होता. तेच पॅड, तोच शिक्का, तीच सही. सरकारी कागदाला 'काऊन?', म्हणजे 'का?', असं विचारायची आमच्याकडे निजामाच्या काळापासून रीत नाही.

"प्रल्हादराव, जीन म्हणजे खोगीर हो! घोडीचं खोगीर!"

त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. ओठ हलवत, शब्दाशब्दाला थांबत. मग अंगणातल्या कापसाकडं पाहिलं. मग फाटकाकडं. "अरे बाप्पा," म्हणाले आणि तिथंच कापसाच्या ढिगावर बसले.

मला हसू आवरेना. हसत होते तोच मागून सेठजींची मोटार आली. पुढचं सांगण्यासारखं नाही, पण सांगते. सेठजी तसे सभ्य गृहस्थ, मला कायम 'डॉक्टर साहिबा' म्हणणारे. त्या दिवशी साहिबा गळून पडली. सगळं ऐकून घेतलं, कापसाकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं, आणि त्यांचा राग जिच्यामुळं हे झालं तिच्यावर जाऊन बसला. म्हणजे मैनेवर.

"बस हो गया. पंधरा दिन में ट्रेनर आ रहे हैं हैदराबाद से. घोडी फिट निकली तो ट्रक में जाएगी. नहीं निकली तो मैं नहीं रखूँगा. बारातवाले को दे दूँगा."

बारातवाला म्हणजे लग्नात नवरदेवाची घोडी पुरवणारा. मी अशा घोड्या पाहिल्यात. बँडच्या कर्ण्यापुढं पाय झाडत उभ्या, तोंडाच्या कडा लगामानं सोललेल्या. मी म्हणाले, "सेठजी, तिला बारातवाल्याला देऊ नका. हवं तर मला शिक्षा करा."

त्यांचा राग जरा उतरला असावा. म्हणाले, "तो फिर आप ही रख लो. अनफिट हुई तो आपकी. ले जाओ, मेरे सिर से बला टले."

त्यांना ते विसरायला अर्धं मिनिट लागलं असेल. मला नाही. दवाखान्यामागं एक रिकामी पत्र्याची शेड होती. दुपारी कोणी नसताना मी तिच्यात जाऊन उभी राहिले. गव्हाण कुठं करायची, पाण्याचा हौद कुठं, पश्चिमेच्या उन्हाला तट्ट्या लावायच्या का, सगळं पाहून आले. पावलांनी लांबीही मोजली. पंधरा दिवसांत ती बरी झाली तर जाणार आणि नाही झाली तर माझी होणार. आणि बरी करायचं काम माझंच. अशी गंमत कोणाच्या वाट्याला येऊ नये.

पहिले सात दिवस पाठीवर काहीही ठेवायचं नाही असं मी ठरवलं. हुसेनमियाँ तिला लांब दोरीवर गोल फिरवत, म्हणजे पायांचा व्यायाम चुकत नव्हता. मी सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं शेकत होते. सूज उतरू लागली. दरम्यान खोगिराखाली घालायचं काय, हा प्रश्न होता.

हुसेनमियाँचं एकच म्हणणं, "नमदा होना," म्हणजे नमदा पाहिजे. नमदा म्हणजे जाड लोकरीचा तुकडा, जो पाठ आणि खोगीर यांच्यामध्ये घालतात. हैदराबादहून मागवायचा तर पंधरा दिवस त्यातच गेले असते. स्पंज मी आधीच बाद केला होता, त्यानं पाठ तापते आणि घाम सुटला की तो सरकतो. सुती चादरीला घड्या पडतात, आणि घडी म्हणजे पाठीत रुतणारी दोरीच.

एका सकाळी प्रल्हादराव दारात उभे. त्या प्रकरणापासून ते माझ्याकडं बघत नव्हते.

"मॅडम, मेंढराची लोकरच पायजे ना? मंग आपल्याकडं घोंगड्या काय कमी हायेत?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आमच्या भागातले कुरमा धनगर काळ्या मेंढराच्या लोकरीच्या घोंगड्या विणतात. पाऊस, थंडी, सगळं त्यांच्यावर निघतं. प्रल्हादराव बाजारातून एक कोरी घोंगडी घेऊनही आले होते. मी ती हातात घेतली आणि पुन्हा निराश झाले. पुठ्ठ्यासारखी कडक. विणताना सुताला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून. घाम लागला की ती खळ चिकट होणार आणि पाठ सोलवटणार.

"धुवून काढू खळ," ते म्हणाले.

"एका धुण्यात निघत नाही, प्रल्हादराव. वर्षं लागतात. जुनी पाहिजे. अंगावर वापरून वापरून मऊ झालेली."

ते गेले. तीन दिवस पत्ता नाही. चौथ्या दिवशी आले ते एक काळी, विटकी, मेंढरांचा वास मारणारी घोंगडी खांद्यावर टाकून. तिची कथा त्यांनी अंगणातच सुरू केली. एका म्हाताऱ्या धनगराला गाठून ते म्हणाले, जुनी दे, नवी घे. म्हाताऱ्याला संशय आला. नवी देऊन जुनी कोण नेतं? नक्की हिच्यात काही तरी आहे. त्यानं घोंगडी उलटीपालटी करून पाहिली, झटकली, शिवण तपासली, आणि द्यायला साफ नकार दिला.

"मंग?"

"मंग खरं सांगतलं. घोडीच्या पाठीले पायजे म्हटलं, जखम होऊन राह्यली. तं लगेच खांद्यावरून काढून देली. नवी घेतली नाई. मेंढराइची लोकरबी देली पिशवीभर. म्हणे, मुक्या जनावरासाठी होय म्हणून आधी काऊन नाई सांगतलं?"

त्या लोकरीतली कुसळं प्रल्हादरावांनी दोन दिवस बसून बोटांनी वेचली. पट्टेवाला कारागीर परत आला होता. त्यानं कापसाचे दगड काढून ती लोकर भरली, सैल हातानं, माझ्या डोळ्यांदेखत. घोंगडी आम्ही गरम पाण्यानं धुतली आणि एकेरी कापली. दुहेरी नाही. कितीही मऊ असली तरी एकेरीच. खोगीर ठेवलं की ती मधून वर ओढून कमानीत खोचायची, म्हणजे हाडावर ताण येत नाही. आता कमानीखाली माझी तीन बोटं आरामात गेली.

आठव्या दिवशी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, बांधताना मैनेनं मान वळवून पाहिलं. कान पुढंच होते. हुसेनमियाँ हलकेच बसले. तिनं पाठ खाली घेतली नाही.

त्यानंतर रोज खोगीर उतरवलं की मी घामाचा ठसा बघायची. पहिल्या दिवशी उजवीकडं जरा फिका. कारागिराला सांगून तिथली चिमूटभर लोकर कमी केली. चौथ्या दिवशी दोन्ही बाजूंना सारखा, ओला, एकसंध ठसा आला. मला इतका आनंद झाला की मी हुसेनमियाँचा हात धरून हलवला. आणि मोपेडवर बसेपर्यंत तोच आनंद मला टोचायला लागला.

ट्रेनर यायच्या आदल्या दिवशी मी साडी न नेसता सलवार-कमीज घालून गेले. म्हणजे मनात होतंच. हुसेनमियाँनी एकदा माझ्या कपड्यांकडं पाहिलं. खोगीर आवळलं आणि रिकीब धरून उभे राहिले. "एक चक्कर मार लो, डॉक्टरनी साब. किसी को नहीं बोलूँगा मैं."

पागेत असताना मी म्हाताऱ्या घोड्यांवर बसले होते. रेसच्या घोडीवर कधी नाही. मी बसले. पहिली फेरी चालत झाली. दुसऱ्या फेरीत तिनं आपणहून पाय उचलले आणि मी लगाम ओढला नाही. चार ढांगांत ती दौडीला लागली. तिची पाठ माझ्याखाली वर येत होती, खाली जात होती, कुठंही दुखण्याचा अडखळा नाही. वारा डोळ्यांत जात होता म्हणून पाणी आलं असं मी हुसेनमियाँना नंतर सांगितलं. खरं म्हणजे मला वाटत होतं की हे संपू नये. मला बैल नकोत, शेळ्या नकोत, महिन्याचा पगार नको. मला हेच पाहिजे होतं आणि बाविसाव्या वर्षी मी ते सोडून आले.

पण शेत संपलं. काटेरी तारेपाशी मी लगाम ओढला. ती थांबली, पण उभी राहीना. जागच्या जागी पाय आपटत, तारेपलीकडच्या मोकळ्या माळाकडं बघत फुरफुरत राहिली. तिला अजून धावायचं होतं. आणि मी तिला ठेवणार होते पत्र्याच्या शेडमध्ये, अठरा पावलं लांब, नऊ पावलं रुंद. लाळ गाळणाऱ्या बैलांच्या शेजारी. मी खाली उतरले आणि लगाम हुसेनमियाँच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी घोडामैदान. ट्रेनर आले, म्हणजे रेससाठी घोडी तयार करणारे गृहस्थ. उंच, कमी बोलणारे. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी तिची पाठ दाबत दाबत मानेपासून कमरेपर्यंत नेली. पायाची शीर चाचपली. हुसेनमियाँना दोनदा पळवून आणायला लावलं. मग खोगीर उतरवून नमदा हातात घेतला, उलटा केला आणि नाकाशी नेला.

"ये क्या है?"

"घोंगडी," मी म्हणाले.

"गुड." एवढंच. मग माझ्याकडं वळून, "डॉक्टर, मैंने आज देखी है, आपने रोज देखी है. फिट या अनफिट? लिखकर दीजिए."

सेठजी शेजारीच उभे होते. त्यांना त्यांचं बोलणं आठवत होतं तर! हसून म्हणाले, "सोच के लिखना, डॉक्टर साहिबा. अनफिट लिखा तो आपकी."

पॅड माझ्या हातात होतं. शब्द एकच लिहायचा होता, त्याच्याआधी दोन अक्षरं लावायची की नाही एवढंच ठरवायचं होतं. कोणाला कळलं नसतं. शीर आहे, अजून सहा महिने भरवसा नाही, असं म्हटलं असतं तर ट्रेनरनीही मान डोलावली असती. मैनेनं मान पुढं करून माझ्या पदराचं टोक चघळायला घेतलं होतं. मी ते सोडवून घेतलं आणि 'फिट' लिहिलं. शिक्का मारला. तो तिरपा उमटला.

ट्रक दुपारी निघाला. हुसेनमियाँ तिच्याबरोबर मागं उभे होते, गळ्यात हात टाकून. नमदा मी घडी न करता, गुंडाळून त्यांच्याजवळ दिला. ट्रक हायवेला लागून निर्मलच्या दिशेनं दिसेनासा होईपर्यंत मी फाटकात उभी होते. मग दवाखान्यात गेले आणि औषधांच्या कपाटामागं जाऊन पोटभर रडले. कंपाउंडरला वाटलं, घरी काही झालं.

पुढं काही महिन्यांनी प्रल्हादराव हैदराबादचा पेपर घेऊन धावत आले. बारीक अक्षरांत मैनेचं ते लांबलचक नाव छापलं होतं. तिसरी आली होती. हुसेनमियाँनी कोणाजवळ तरी निरोपही पाठवला, पाठ साफ आहे, एक केस पांढरा नाही. मी कधी तिला पुन्हा पाहिलं नाही. हैदराबादला कामाला गेले तरी रेसकोर्सच्या बाजूला फिरकले नाही, आजही नाही.

तीस वर्षं नोकरी केली. शिकले ते एवढंच, की जनावर आजारी असेस्तोवर डॉक्टरचं असतं, बरं झालं की मालकाचं. हे कॉलेजात पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे, म्हणजे पुढचा ताप वाचतो.

त्या महिन्याचा रिपोर्ट भरायला घेतला तेव्हा रकाने होते गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी. घोड्याचा नव्हता. शेवटी 'इतर' होता, त्यात मी 'एक, बरे झाले' असं लिहून पाठवलं. आठवड्यानं आदिलाबादहून साहेबांचा फोन आला. साहेब तेलुगू, कामाला चोख.

"डॉक्टर, हे 'इतर, एक' म्हणजे काय?"

"घोडी, सर."

"घोडी? आपल्या हद्दीत घोडी आहे?"

"आता नाही, सर," मी म्हणाले.